खुर्चीत बसलेलं फुप्फुस

मी एक फुप्फुस बोलतोय. घाबरू नका, कुणाच्या छातीतून पळून आलेलो नाही. मी संगणकात राहतो. मला ना रक्त, ना मांस, ना सर्दी. आकडे आणि चित्र, एवढाच माझा देह. तरी शिकलेसवरलेले लोक माझ्या श्वासाकडे डोळे लावून बसतात.

माझा जन्म एका अनोळखी माणसाच्या स्कॅनवरून झाला. त्याला निजवून "हलू नका" असं बजावलं होतं. तो हलला नाही आणि त्याच्यावरून बेतलेला मीही पुढे कधी हललो नाही. मला घडवलं ते चाळिशीच्या एका बाईंनी. ऑफिसात त्या मॅडम, पण थोरला भाऊ त्यांना अजून छकुलीच म्हणतो. श्वासनळीला फांद्या, त्यांना आणखी फांद्या, टोकाला वायुकोशांचे घोस, सगळं त्यांनी निगुतीनं बसवलं. श्वासही शिकवला. नाकाने, संथ, खुर्चीत बसून पेपर वाचणाऱ्या माणसासारखा.

माझं काम धूळ खाण्याचं. साधीसुधी धूळ नव्हे हं. केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एकाएवढे कण. त्यांना नॅनोकण म्हणतात. कपड्यावर डाग पडू नये, काच पुसावी लागू नये, म्हणून माणसं हे कण घालून नाना वस्तू बनवतात. माणसाला स्वच्छता हवी असते, स्वच्छ करायला मात्र नको असतं. त्यावरच माझी रोजीरोटी चालते.

नवी वस्तू बाजारात जाण्याआधी तिच्यातल्या कणांचा आकार, वजन, चिकटपणा मला आकड्यांत सांगतात. मी ते हुंगतो. किती नाकात अडकले, किती खोल जाऊन ठाण मांडून बसले, ते रंगांत दाखवतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे जपून. हे कण आधी ज्यांना हुंगावे लागायचे, ते प्रयोगशाळेतले उंदीर तर मला दुवा देत असतील.

एकदा बुटांवर मारायचा फवारा आला. चिखलपाणी चिकटू न देणारा. मी आरामात हुंगला आणि हिरवागार झालो. अहवाल तयार झाला. साहेब खूश, मॅडम खूश. मी तर काय, स्वतःवर नेहमीच खूश.

दुपारी बुटांच्या कारखान्याचा माणूस अहवाल न्यायला येणार होता. त्याच्या आधी त्याच कारखान्यात हमाली करणारा मॅडमचा दादा आला. मॅडम घराची किल्ली त्याच्याकडे विसरल्या होत्या. लिफ्ट बंद. चार मजले चढून तो थेट माझ्यासमोर येऊन वाकला.

"हेच का तुझं लाडकं फुप्फुस?"

"आधी बस, दादा. पाणी देते."

"बसतो गं. ऐक तर, सोमवारपासून मला नव्या फवाऱ्याच्या टेबलावर घेतलंय. दिवसभर गोदामात ओझी वाहण्यापेक्षा बरं. गुडघ्यांची तरी सुटका झाली माझ्या."

त्याच्या धापांनी माझ्या काचेवर वाफ धरली. त्याने ती बाहीने पुसली, ती पुन्हा धरली. मॅडम पाणी द्यायचं विसरून त्या वाफेकडेच बघत राहिल्या.

"दादा, त्या टेबलावरही अशी धाप लागेल तुला?"

"मग? बूट काय आपल्या पायांनी चालत येतात? खोका उचला, फवारा मारा, खोका ठेवा. खोलीला खिडकी एकच, तीही उघडत नाही."

मॅडमनी दादाला खुर्चीत बसवलं आणि मला खुर्चीतून उठवलं. तोंड उघडायला लावलं, खोके उचलायला लावले, बंद खोलीत कोंडलं आणि तोच फवारा पुन्हा हुंगायला दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझी दमछाक झाली. कण तोंडावाटे सरळ आत शिरले, भराभर खोल उतरले. वायुकोश एकेक करून लाल होत गेले. मला फार भीती वाटली. समोरचा माणूस सोमवारी खरंखुरं फुप्फुस घेऊन तिथे जाणार होता.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, माझी सही झालीय अहवालावर."

"सही खोडता येईल, सर. आपण खुर्चीतल्या माणसाला तपासलं. फवारा मारणारा खुर्चीत नसतो."

साहेब तसे समजूतदार. कारखान्याच्या माणसाला त्यांनी चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि खालच्या प्रयोगशाळेत खऱ्या पेशींवर पडताळणी करायला सांगितली. पेशींनीही माझ्याच बाजूने कौल दिला. फवारा बारगळला. तेच कण आता मलमात घट्ट कालवून फडक्याने बुटांवर चोळतात, हवेत उडायची सोयच ठेवलेली नाही.

दादा मात्र रुसला. "छकुली, तुझ्या चित्रातल्या फुप्फुसाला ठसका लागला आणि मी बसलो फडकं घासत."

तेव्हापासून माझी चैन संपली. प्रत्येक नव्या कणासाठी कधी हमाल होऊन धापा टाकायच्या, कधी जमिनीवर रांगणारं मूल व्हायचं, कधी दमेकरी आजी. थकतो, पण कुरकुरत नाही. तुमच्याकडे मागणं एकच. कुणी छातीठोकपणे "हे सुरक्षित आहे" म्हणालं, की विचारा, कुणाच्या श्वासावर तपासलंत?

कुरकुरायला दादा आहेच. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन येतो. मनगट दुखतं, मलमाला वास येतो, फडकी जाड आहेत, एका दमात सगळं सांगतो. मॅडम "हो रे, हो रे" करत राहतात. तक्रारी कसल्या ऐकतात त्या! मध्ये कुठे खोकला येतो का, त्याकडे त्यांचा कान असतो. माझाही असतो. अजून तरी आलेला नाही.