उरलेलं गुलाबी

"आंबटढाण आहे रे," ताईनं पेला रिकामा करून खाली ठेवला. "एवढ्यानं माझ्या डोक्यात प्रकाश पडणार? मग लग्नाआधीच पाजायचं होतंस."

मामा हसले नाहीत. ऑपरेशन थिएटरचे ते जुने मदतनीस. झाडूवाल्यापासून मोठ्या सरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. टेबल पुसायचं, पेशंट आत न्यायचा आणि मेंदूच्या अशा ऑपरेशनला सर सांगतील तेव्हा दिवे घालवायचे. पेशंटनं प्यायलेलं औषध गाठीत जाऊन बसतं. अंधारात निळा उजेड टाकला की गाठ गुलाबी चमकते, आणि सर ते गुलाबी काढत जातात. संपलं की मामा दिवे लावतात. इतकी वर्षं हेच चाललं होतं. आज टेबलावर ताई, त्यांची सख्खी बहीण होती.

"सुट्टी घ्या आजच्या दिवस," सिस्टर म्हणाल्या होत्या.

"घरी बसून भिंतीकडे बघू?" मामा म्हणाले. मग कोणी विषय काढला नाही. त्यांच्या घरात त्या बहिणीखेरीज बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

गाठ बोलण्याच्या जागेला चिकटली होती, म्हणून ऑपरेशनच्या मध्यात ताईला जागं ठेवून बोलतं करायचं होतं. "जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला बोल म्हणतंय," ती आदल्या दिवशी सरांना म्हणाली होती. मग जरा थांबून म्हणाली, "थोडी कमी जगले तरी चालेल. पण मुकी करून घरी पाठवू नका."

"दिवे," सर म्हणाले. मामांनी बटणं बंद केली.

मॉनिटरच्या पडद्यावर गुलाबी डाग उमटला. शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाई ताईला चित्रं दाखवू लागल्या.

"छत्री," ताईचा आवाज आला. "कुलूप. शिडी. हे बदक म्हणायचं का? पाय तर कोंबडीचे आहेत."

डाग आक्रसत गेला. मामांना जरा धीर आला. शेवटी नखाएवढं गुलाबी उरलं, तेव्हा सरांनी तिथं सौम्य विजेची एक बारीक तार टेकवली.

"हे... हे..." ताई अडखळली. समोर कात्रीचं चित्र होतं. तिनं जन्मभर शिवणकाम केलं होतं.

तार उचलली. "कात्री," ताई म्हणाली. तार पुन्हा टेकवली आणि ती गप्प झाली.

सरांनी तार बाजूला ठेवली. "मामा, दिवे लावा."

मामांचा हात बटणावर होता, पण हलेना. असं उरलेलं गुलाबी पुढे पुन्हा कसं वाढतं ते त्यांना ठाऊक होतं. ते पेशंट दुसऱ्यांदा आत नेणारेही तेच.

"सर, अजून आहे ते," मामा म्हणाले. थिएटरमध्ये न विचारता ते आजवर बोलले नव्हते.

"दिसतंय मला. ते काढलं तर बोलणं जाईल."

हिरव्या कापडाखालून ताईचा आवाज आला. "लाव रे दिवे. माझं आणि त्यांचं ठरलंय तसं."

मामांनी दिवे लावले.

त्या औषधानंतर उजेडानं कातडी भाजते. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताईची खोली अंधारी ठेवायची होती. मामांनी पडद्यांच्या फटीसुद्धा पिना लावून बंद केल्या आणि खुर्ची ओढून बसले. ताईला मधूनमधून जाग येई.

"पेला," ती अंधारात पुटपुटे. "उशी. कात्री. भाऊ." शब्द जागेवर आहेत ना, ते बघत होती. मामा तोंडावर हात दाबून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर दारातून म्हणाल्या, "आता उघडा पडदे."

मामा उठले.

"थांब," ताई म्हणाली. "आधी तोंड पूस."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"पुसलंस?"

"हो."

"मग उघड. आणि घरी गेल्यावर मशीनला तेल घाल, गंजली असेल. तुला सांगितल्याशिवाय काही सुचायचं नाही."

मामा एकेक पीन काढू लागले. शेवटची काढायला त्यांना बराच वेळ लागला. ताई बोलतच होती.