दोन शेड, एक दाताळं

डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू चिरलं. आतडं फुगलेलं होतं आणि आत नुसतं रक्त.

"रक्ती हगवणच आहे. पण एक नंबरच्या शेडमधली दोन नंबरमध्ये आली कशी?"

माझा पारा चढला. "कशी म्हणजे? आमचे बाबा! बूट बदलायला नकोत, चपला फटफटवत आत शिरायचं. आठ दिवस झाले, शेडमध्ये पाऊल टाकू दिलेलं नाही मी त्यांना."

बाबा फाटकाबाहेर पालथ्या बादलीवर बसले होते.

"ही लागण पाच-सहा दिवसांतली आहे," डॉक्टर म्हणाले. "पिल्लांखालचं तूस कोण उलटतं?"

"मीच. ओल राहू नये म्हणून रोज, दोन्हीकडं."

"एकाच दाताळ्यानं?"

भिंतीला टेकवलेल्या दाताळ्याकडे मी पाहिलं. बूट दिवसातून दहा वेळा औषधात बुडवत होते मी. याच्या दातांत मात्र शीट सुकून बसली होती. आत हजारो पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून उभी होती.

एक नंबरला लागण झाली त्याच दिवशी बाबांनी विचारलं होतं, "दाताळं धुतलंस का गं?"

"तुम्ही आधी तुमच्या चपला धुवा," मी म्हणाले होते.

फाटकाशी त्या धुऊन वाळत ठेवल्या होत्या.