शेवटचा हात

मुख्य लेखकाने रिमोट उचलून चित्र थांबवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. पडद्यावर श्रेयनामावली थबकली होती. लेखक म्हणून धाकटीचं नाव. लेखकांच्या खोलीत आली तेव्हा ती वयाने सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. आता तिचे केस पिकायला लागले होते, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं.

"हाही भाग बरा आहे," तो म्हणाला.

"बरा की चांगला?" शेजारी मटार सोलत बसलेल्या बायकोने विचारलं.

"बरा."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

अंतराळात भरकटलेल्या एका यानाची ही मालिका त्याने जवळजवळ अर्धं आयुष्य चालवली होती. आता हृदयाने डोळे वटारले होते आणि डॉक्टरांनी खुर्ची सोडायला सांगितली होती. खुर्चीवर धाकटीला बसवावं की बाहेरून कोणाला आणावं, हे वाहिनीला ठरवायचं होतं. वाहिनीच्या बाईंनी धाकटीचे जुने भाग त्याच्याकडे पाठवले होते. नव्या नजरेने बघा, तिला पेलेल का सांगा, संध्याकाळी फोन करते, असा निरोप होता. स्वतःच्या खुर्चीसाठी माणूस पारखायचं काम कोणालाच गोड लागत नाही. सकाळपासून तो चेहरा पाडूनच बघत होता.

त्यांच्या खोलीची एक पद्धत होती. संहिता कोणीही लिहो, शेवटचा हात तो फिरवायचा. कधी एखादा शब्द बदलायचा, कधी सगळं मोडून पुन्हा उभं करायचा. नाव मात्र मूळ लेखकाचंच राहायचं. या उदारपणाचा त्याला अभिमान होता. त्यामुळे कुठली ओळ कोणाची, हे खोलीबाहेर कोणाला कळत नसे.

फोन वाजला. हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"पाहिलेत ना सर?" वाहिनीच्या बाई म्हणाल्या. "मला विचाराल तर तो आईच्या निरोपाचा भाग. आमच्या सासूबाई कधी टीव्हीपुढे बसत नाहीत, त्याही डोळे पुसत होत्या. वरिष्ठांना मी तोच दाखवलाय. जी हे लिहू शकते, तिला मालिका द्यायला हरकत काय?"

तो प्रसंग त्याला पाठ होता. यानावरची यंत्रं दुरुस्त करणारी बाई घरून आलेला निरोप उघडते. निरोप पोचायला कित्येक वर्षं लागलेली. आई नेहमीच्या आवाजात विचारते, जेवलीस का? बाई हातातला पाना खाली ठेवते आणि 'हो, जेवले' असं उत्तर पाठवते. आई ते ऐकायला असणार नाही, हे तिला ठाऊक असतं.

त्याने फक्त 'हरकत नाही' म्हणायचं होतं. पण जीभ पुढे धावली.

"तो प्रसंग माझा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आमची पद्धतच तशी आहे. शेवटचा हात माझा असतो. तो मी बसवलेला."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "आणि बाकीचे भाग?"

"तिथेही, थोडंफार."

"बरं झालं विचारलं. आम्ही तोंडघशीच पडलो असतो. मग बाहेरचंच कोणी बघते."

"मुलगी मेहनती आहे हं," तो घाईने म्हणाला. लेखकाबद्दल याहून वाईट बोलता येत नाही, हे त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत होतं.

फोन ठेवल्यावर बायकोने अगदी साध्या आवाजात विचारलं.

"तो प्रसंग तुमचा?"

"मग कोणाचा?"

"घराला रंग देत होतो बघा आपण. सगळं सामान मधोमध. तुम्ही त्या पसाऱ्यात बसून तिची संहिता वाचत होतात. मला हाक मारून वाचून दाखवायला लागलात. ते 'जेवलीस का' आलं आणि तुम्हाला पुढे वाचवेना. म्हणालात, अगं, हे मला जन्मात सुचलं नसतं."

तो नाही म्हणणार होता. रंगाचा वास आठवला. त्याने त्या प्रसंगात काय केलं होतं? दोन ओळी कापल्या होत्या. यानावरच्या त्या बाईचं तोंड खिडकीकडे वळवलं होतं. बस. मग संकलनात तो त्या प्रसंगाबरोबर बसला, समारंभात कोणी कौतुक केलं की मान तुकवत गेला, आणि मान तुकवता तुकवता प्रसंग कधी आपलासा झाला ते कळलंच नाही. तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

फोन घेऊन तो गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

"बाई, माझी चूक झाली. तो प्रसंग तिचा आहे. पहिल्या शब्दापासून. मी दोन ओळी कापल्या फक्त."

बाईंचा आवाज आला तो एकदम मऊ.

"सर, तुमचा फोन येणार हे मला वाटलंच होतं."

"मी खरं सांगतोय."

"हो सर. तुम्ही कायमच सगळ्यांना सांभाळून घेतलंत. आम्ही काय ओळखत नाही का तुम्हाला? काळजी करू नका, तिला यातलं काही कळणार नाही."

"अहो, ऐका तरी—"

"विश्रांती घ्या सर. तब्येत जपा."

खाली रस्त्यावर कोणी गाडी मागे घेत होतं. ती नीट लागेपर्यंत तो कठड्याला धरून उभा राहिला. आत आला तेव्हा बायकोचे हात थांबलेले होते.

"काय म्हणाल्या?"

तो खुर्चीत बसला.

"माझं मन मोठं आहे म्हणाल्या."