मावशीची पिशवी

"मॅडम, तुमच्या घरात कुणाला डिप्रेशन आहे का?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, चष्मिस आणि लंबूनं, लावली होती. म्हणे, तुझी टाप नाही! माझी? मी उभी राहिले आणि अख्ख्या वर्गासमोर खणखणीत विचारलं. आमच्या बाईंनी डोळे वटारले. पण डिप्रेशनच्या आनुवंशिकतेवर संशोधन करणाऱ्या त्या पाहुण्या मॅडम नुसत्या हसल्या.

"आहे की. माझ्या आईला."

बस्स! ना आवाज खाली, ना नजर. आईला चष्मा आहे म्हणावं, तसं.

"मग तुम्हालाही होणार?" लंबू मागून ओरडली.

"शक्यता थोडी जास्त, इतकंच. पूर्वी आम्ही एखादंच जनुक पकडून वर्षानुवर्षं त्याच्यामागे धावायचो. मोठे अभ्यास झाले तेव्हा त्यातलं बरंचसं हवेतच विरलं. आता जनुकांतल्या शेकडो जागा सापडल्यात, पण एकेकीचा वाटा राईएवढा. शिवाय आयुष्यात काय घडतं तेही आहेच. चित्र स्पष्ट व्हायला सगळीकडची माणसं हवीत. पण कितीतरी घरांत माणूसच लपवून ठेवतात. मग अभ्यास कुणाचा करायचा?"

माझे कान तापले. रविवारी दादाचे होणारे सासू-सासरे आमच्याकडे जेवायला येणार होते. आणि आमच्याच घरात राहणाऱ्या मावशीला त्या दिवसापुरतं आईच्या मैत्रिणीकडे धाडायचं ठरलं होतं. का? तर तिला डिप्रेशन आहे!

घरी आले, तर मावशी स्वतःच पिशवी भरत बसलेली. कपड्यांवर गोळ्यांची डबी. माझ्या युनिफॉर्मचा उसवलेला खिसा तेवढ्यातही शिवून ठेवला होता तिनं.

"कशाला जातेस गं?"

"जाऊ दे. मला सवय आहे."

सवय! माझं डोकंच फिरलं. तडक स्वयंपाकघरात जाऊन ओरडले, "मावशीला का धाडताय?"

"हळू बोल," आई म्हणाली. "उद्या त्यांनी विचारलं, हे तुमच्या रक्तात आहे का, तर? दादाचं ठरलेलं मोडलं तर?"

"तर सांगायचं, थोडंसं आहे! बाबांकडे सगळ्यांना मधुमेह, तो कसा चवीनं सांगता? 'आमचं घराणंच गोड!' मधुमेहाला खुर्ची आणि मावशीला पिशवी?"

तिथेच बसलेल्या बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "ते वेगळं असतं."

"काय वेगळं? सांगा ना!"

बाबा आईकडे बघायला लागले, आई कढईकडे. वा! माणसाला घराबाहेर काढायला दोघं तयार, कारण सांगायला एकही नाही.

"मग माझं ऐका," मी म्हणाले, मावशीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "रविवारी मावशी टेबलाशी माझ्या शेजारी बसणार. तिला धाडणार असाल, तर पिशवीत माझेही कपडे भरा. धाकटी कुठे दिसत नाही, असं दादाच्या सासूबाईंनी विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा."