दोघांच्या मधली घोडी

मी एक जुनी घोडी आहे. मित्रांनो, लगेच तबेल्याकडे पाहू नका. मला शेपूट नाही, मी खिंकाळत नाही आणि जन्मात कधी धावलेली नाही. पुस्तक उघडं ठेवायला लाकडाची जी घडीची बैठक असते ना, तिलाही घोडीच म्हणतात. माझे दोन भाग मधोमध एकमेकांत गुंतलेले आहेत. खाली पाय फाकले की वर पंख उघडतात आणि त्या पंखांत पुस्तक आरामात रेलून बसतं.

एक सुतार चष्म्याच्या दुकानात कपाट बसवत होता. कपाट झालं आणि एक फळी उरली. दुकानाचे मालक म्हणजे आमचे काका. ते सुताराला म्हणाले, जेवताना पुस्तक धरायला तिसरा हात हवा असतो, त्याचं काही करता आलं तर बघा. सुताराने फळी उलटून पालटून पाहिली. मग त्याने ती मधून चिरली, सांध्याला दाते कोरले, काचकागदाने घासली आणि तेल पाजलं. ना खिळा, ना सरस. सगळं अंग एकाच फळीचं. माझा तोरा तेव्हापासूनचा आहे.

मी काकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर राहायला गेले. घरात काका, काकू आणि त्यांची शाळकरी लेक. काकू टेलिफोन खात्यात होत्या. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की एकेक अक्षर सुटं ऐकू यायचं. वाचनाचं वेड दोघांनाही, पण एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. काकूंना कादंबऱ्या हव्यात. काकांना इतिहास, प्रवास, आठवणी, म्हणजे जे खरोखर घडलं तेच हवं. वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक यायचं, ते दोघंही वाचायचे, आणि मग जेवताना भांडण ठरलेलं.

मी मधोमध असायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. एका गाजलेल्या कादंबरीत दर थोड्या प्रकरणांनी एक मूल मरायचं. काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती. काका म्हणाले, "रडवणं सोपं असतं. कांदाही रडवतो." काकूंनी त्यानंतर अबोला धरला. तो सुटावा म्हणून काकांनी एका गिर्यारोहकाच्या आठवणी आणल्या. काकूंनी त्या वाचल्या आणि सांगितलं, की हा माणूस स्वतः शिखरावर पोचल्याचं पानंच्या पानं लिहितो, आणि सामान वाहणारे दोघं दरीत गेले ते एका ओळीत उरकतो. खरं लिहिणारा सोयीचं तेवढंच खरं लिहितो. काकांचं उत्तर नेहमी 'तर' या शब्दाने सुरू व्हायचं. 'तर, त्याचं असं आहे' म्हणून ते जे सुरू व्हायचे, ते ताटातलं सगळं गार होईपर्यंत थांबायचे नाहीत. लेक कंटाळून उठून जायची.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. माझ्या एका पंखावर चहाच्या कपाची गोल खूण उमटली, पण पाहुणे आले की काका मला हातात घेऊन म्हणायचे, हिच्यात खिळा शोधून दाखवा. मी उगाच अंग ताठ करून बसायचे.

पुढे लेकीचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली. काकू निवृत्त झाल्या. आणि एका सकाळी काका दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता तिथेच कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. सगळी भाषा पुसली गेली आणि एकच शब्द मागे राहिला, 'तर'. तहान लागली की 'तर', पाठ दुखली की 'तर', लेक भेटायला आली तेव्हाही 'तर'. भेटायला येणारी माणसं सुरुवातीला त्यांच्याशी बोलायची. हळूहळू ती काकूंशी बोलू लागली, काकांच्या अंगावरून, जसं ताटावरून पलीकडचं मीठ मागावं तसं. किती दिवस चालणार असं, हेही त्यांच्या उशाशी बसूनच विचारायची.

काकूंनी मला टेबलावरून उचललं आणि काकांच्या पलंगावर नेलं. त्या मला पलंगावर मांडलेल्या पाटावर ठेवायच्या, माझ्या पंखांत पुस्तक मांडायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. काचेच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी असंच वाचलं, आणि संपल्यावर म्हणाल्या, की माहितीचं गाठोडं आहे, ते सोडून दाखवायला लेखक विसरला. दोन बहिणी नदीवर नाव चालवतात, अशी एक लहानशी कादंबरी आली. ती त्यांना फार आवडली. या लेखिकेला गप्प कधी बसायचं ते कळतं, असं त्या म्हणाल्या. प्रत्येक मत सांगून झालं की त्या थांबायच्या. काका म्हणायचे, 'तर'. त्यापुढे काहीच नाही. लाइन चालू असावी आणि पलीकडचं माणूस बोलत नसावं, तशा त्या कान देऊन बसून राहायच्या.

जावयाने एका डॉक्टरचं पुस्तक पाठवलं. काकांसारखंच आजारपण आलेल्या माणसांच्या खऱ्या हकिगती त्यात होत्या. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक माणूस पडायचा आणि शेवटी उठून चालू लागायचा. काकूंनी तेही अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "यातला प्रत्येक जण उठतो. जे उठलेच नाहीत, त्यांना या डॉक्टरने कुठे ठेवलं?" ते पुस्तक त्यांनी परत हातात घेतलं नाही.

त्यानंतर काकांना खुर्चीत बसवताना काकू स्वतःच खाली पडल्या. मणका दुखावला. कमरेला रुंद पट्टा आला आणि वजन उचलायचं नाही अशी ताकीदही. लेक धावत आली. तिने एक संस्था पाहून ठेवली होती. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सोय होते. मित्रांनो, लेक वाईट नव्हती. तिचं सासर, तिची नोकरी, तिची मुलं, आणि इथे आईचं कंबरडं मोडलेलं. भांडी घासताना ती नळ मोठा सोडून रडायची, ते मला ऐकू यायचं.

काकू काही केल्या तयार होईनात. काकांच्या पलंगाशीच दोघींची जुंपली. लेक म्हणाली, "आई, बाबांना काही कळत नाही. तू भिंतीशी बोलतेस."

"मी भिंतीशी संसार केलेला नाही," काकू म्हणाल्या.

लेकीने विचारलं, त्यांना कळतं हे कशावरून? काकू पुस्तक घेऊन बसल्या.

तेव्हा माझ्या पंखांत एक बक्षीस मिळालेली कादंबरी होती. तिच्यातली बायको लुळ्या नवऱ्याची वर्षानुवर्षं सेवा करते. ती कधी चिडत नाही, तिची पाठ दुखत नाही, चादरीला वास येत नाही, आणि शेवटच्या पानावर नवरा तिचा हात हातात घेऊन हसत हसत प्राण सोडतो. काकू गेले कित्येक दिवस ती दातओठ खात वाचत होत्या. दर पानाला लेखकाचा उद्धार करत होत्या. त्या दुपारी लेक समोरच असताना त्यांनी शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि अगदी टेलिफोनवरच्या आवाजात म्हणाल्या, "उत्तम कादंबरी. इतकं खरं मी कित्येक वर्षांत वाचलं नाही. सेवा करावी तर अशी."

काकांचा डावा हात उठला आणि त्यांनी होता नव्हता तो जोर लावून मला ढकललं. पुस्तक एकीकडे गेलं, मी दुसरीकडे. फरशीवर आदळून माझ्या सांध्याचा दाता तुटला आणि एक पंख उभा चिरला. काकांचा चेहरा लाल झाला होता. "तर," ते म्हणाले. "तर, तर, तर." अख्खा वाद होता त्यात.

काकू हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. लेकीला म्हणाल्या, "ऐकलंस? हे यांचं मत."

मी जमिनीवर पडल्या पडल्या लेकीचा चेहरा पाहिला. ती हसत नव्हती. बाबांना सगळं कळतं, म्हणजे आजवर या पलंगाशी जे जे बोललं गेलं ते सगळं बाबांनी ऐकलं, हे तिला त्या क्षणी उमगलं असावं. ती काकांजवळ बसली. त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, हो असेल तर दाबा. आधी साधे प्रश्न विचारले. मी तुमची लेक ना? त्यांनी हात दाबला. मग खाली मान घालून तिने विचारलं, "बाबा, त्या संस्थेत राहायला जाल का? तुम्ही म्हणाल तसं करू."

काकू म्हणाल्या, यात विचारायचं काय.

काकांनी हात दाबला.

लेकीने प्रश्न उलटा करून विचारला, घरीच राहायचंय का? हात तसाच राहिला. तिने पुन्हा पहिला प्रश्न विचारला. त्यांनी पुन्हा दाबला. काकू पुढे आल्या. एवढंच म्हणाल्या, "का?"

काकांनी लेकीच्या हातातून आपला हात सोडवला आणि काकूंच्या कमरेवर, त्या पट्ट्यावर ठेवला.

त्यानंतर त्या खोलीत वाद झाला नाही.

माझा चिरलेला पंख काकूंनी बँडेजच्या पट्टीने करकचून बांधला आणि पिशवीत घालून त्या मला रोज संस्थेत नेऊ लागल्या. आता वादाची नवी रीत पडली होती. काकू मत सांगायच्या. पटलं तर काका हात दाबायचे, नाही पटलं तर झटकून काढून घ्यायचे. मग त्यांचं म्हणणं काय असेल ते काकूंनी ओळखायचं आणि त्यांच्याच बाजूने मांडायचं. चुकलं की पुन्हा हात झटकायचा. एकेका मताला अख्खी दुपार लागायची. शेजारच्या खाटेवरचे आजोबा काकूंना कालचं प्रकरण परत वाचायला लावायचे.

पण माणसं फार आणि सेविका थोड्या. काकांना वेळच्या वेळी कूस बदलायला कोणी नसायचं. पाठीला जखमा झाल्या. त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा काकू नळाखाली तोंड धुऊन आल्या आणि राहिलेलं पान वाचून पूर्ण केलं. सेविकेशी भांडल्या, डॉक्टरांना भेटल्या. जखमा भरल्या नाहीत.

त्या वेळी एका पुराची हकिगत चालली होती. गाव वाहून गेलेलं आणि त्यातून वाचलेल्या एका माणसाने ती लिहिलेली. काकू म्हणाल्या, हा माणूस स्वतःला शूर म्हणवत नाही, हात सुटला तिथे हात सुटला असं लिहितो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो. काकांनी त्यांचा हात दाबला. किती तरी वेळ दाबून ठेवला. माझ्या देखत त्या दोघांचं एखाद्या पुस्तकाच्या बाजूने प्रथमच एकमत झालं. त्याच आठवड्यात काकांना ताप चढला, छाती भरली, आणि पुस्तक अर्ध्यावर असताना ते गेले.

काकूंनी पुढचं वाचलं नाही. दिवसकार्य आटोपल्यावर त्या पुस्तक परत करायला गेल्या. मी पिशवीतच होते. वाचनालयातल्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कसं वाटलं? काकू म्हणाल्या, "चांगलं आहे. शेवट माहीत नाही." आणि दुसरं पुस्तक न घेता घरी आल्या.

तेव्हापासून मी कपाटाच्या डोक्यावर आहे. बँडेज पिवळं पडलं आहे. माझ्या एका पायाला भुंगा लागला आहे. तो आतून कुरतडतो आणि खाली पिठी सांडते. काकू ती झाडून काढतात, वर मात्र पाहत नाहीत.

मित्रांनो, माझा पंख कोणी सांधला नाही तरी माझी तक्रार नाही. लाकडाचं काय, चुलीत गेलं तरी ऊब देतं. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात बोलता न येणारं कोणी असेल, तर त्याच्या उशाशी बसून त्याच्याविषयी बोलू नका. त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढं थांबा. आणि जे उत्तर येईल ते तुम्हाला सोसेलच असं नाही, हे समजून विचारा.