त्र्याहत्तरातलं एक

माझा नवरा नॉर्बर्ट त्र्याहत्तर मतांनी पडला. त्यातलं एक मत माझं. दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कन्फेशनमध्ये फादरनासुद्धा नाही.

तीस वर्षं तो इथे कॅनडात, व्हिटबीत बँक मॅनेजर होता. वसईचा माणूस, गोड बोलणारा. लोन नाकारायचा, तरी समोरचा थँक्यू म्हणून उठायचा. रिटायर झाल्यावर पार्टीने गळ घातली आणि हा बाबा खासदार होऊन ऑटावाला गेला. चार वर्षं मी एकटीने ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, विंटर टायर्स बदलून आणले आणि लोकांच्या तोंडून नवऱ्याचं कौतुक ऐकलं. जेवायला समोर नुसती खुर्ची. म्हणून पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याच्या नावापुढे खूण करून आले. मला काय ठाऊक, इतकं काठावर येईल?

पडल्यावर तो एका शब्दाने कुरकुरला नाही. आता बेसमेंटमध्ये बसून लोकांना फॉर्म भरून देतो, दुपारी माझ्याबरोबर लेकवर फिरायला येतो. मी सुखात आहे, आणि तेच मला खात होतं.

गेल्या शनिवारी पार्टीचा पुन्हा फोन. "सोमवारी कळवतो," म्हणाला. तो हो म्हणणार आणि मी परत तेच करणार, हे मला पक्कं माहीत होतं. रविवारी मिस्साहून आल्यावर चहा दिला आणि सांगून टाकलं.

त्याने चहात बिस्कीट बुडवलं. "ठाऊक आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"तूच. मतदानाच्या दिवशी माझी कॉलर नीट केलीस. चार वर्षांत हात लावला नव्हतास. बँकेत बघितलंय मी, खातं बंद करायला आलेलं गिऱ्हाईक त्या दिवशी फार प्रेमाने वागतं."

मला रडूच फुटलं. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझं बरोबर होतं."

सोमवारी त्याने पार्टीला नाही म्हटलं, तेही असं की पलीकडच्या बाईने थँक्यू म्हणून फोन ठेवला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याची कॉलर सरळ करायला गेले. तो दोन पावलं मागे सरला.

"लुर्डस, आता काय बंद करतेस?"

"गप उभा राहा," मी म्हटलं. "उघडतेय."