आधी घरी पडावं

"हे घे बाई, तुझं तुला." सोजराबाईंनी पदराची गाठ सोडली आणि कानातला मोल्ड सुकन्याच्या टेबलावर ठेवला. "मला नगं."

मंठाळहून बस पकडून मैलूरच्या या दुकानात येण्याची ही त्यांची तिसरी खेप. कानाच्या मशीनचा जो तुकडा कानात घट्ट बसतो, तो मोल्ड. ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचं डिझाइन दवाखान्यातून यायचं, सुकन्या ते कॉम्प्युटरवर तपासायची आणि मग थ्रीडी प्रिंटरवर मोल्ड छापला जायचा.

"काय होतंय, मावशी?" सुकन्याने कानाजवळ वाकून विचारलं.

"लोकांचं ऐकू येतंय. माझंच मला सोसंना. बोललं की घागरीत तोंड घातल्यागत घुमायलंय. भाकर चावली की डोस्क्यात गिरणी सुरू."

"सवय होईल हळूहळू."

"मागल्या खेपेला बी हेच बोललीस. मी व्हय म्हणून गेले." सोजराबाई बाकावर मांडी घालून बसल्या. "आता न्हाई जायची. बस पाचला हाय. तवर बसते हितंच."

दुकानाचा मालक नागेंद्र तोंड फिरवून हसला. सुकन्याला हसू आलं नाही. ती जेवायला घरी निघाली, पण घागर काही डोक्यातून जाईना.

घरी अण्णा, म्हणजे तिचे वडील रामाचार्य, ओसरीवर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी नरसिंहाच्या देवळात एकादशीचं कीर्तन केलं. बाराव्या वर्षापासून सुकन्या त्यांच्या मागे पेटीवर. अण्णांचा एक नेम होता. संध्याकाळचं कीर्तन दुपारी घरात, रिकाम्या भिंतींपुढे, नमनापासून आरतीपर्यंत करायचं. कुठे आख्यान घसरलं, कुठे सूर सुटला, की थांबायचं आणि पुन्हा उभं राहायचं. "आधी घरी पडावं," ते म्हणायचे, "मग देवापुढं उभं राहावं."

दुकानात तपासणीचं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ती कौतुकाने म्हणाली होती, "अण्णा, हे तुमच्यासारखंच करतंय. छापायच्या आधी घरीच पाडून बघतंय. भिंत पातळ असली, कुठं भोक राहिलं, की लाल दाखवतंय. खाली एक बटण हाय. दाबलं की सगळं दुरुस्त."

अण्णा मिश्कील हसले होते. "पडलेल्याला लागलं का, हे पण विचारतं का गं ते?"

दोन वर्षांपूर्वी पेटीचे वरचे सूर त्यांच्या कानातून निसटायला लागले आणि कीर्तन थांबलं. आठ दिवसांपूर्वी कानाचं मशीन आलं, तिने स्वतः तपासलेला मोल्ड बसला, आणि उद्याच्या एकादशीला अण्णा पुन्हा उभे राहणार असं ठरलं.

"देवळात सांगून आलो," अण्णा म्हणाले. "उद्या दुसऱ्याला बोलवा म्हणलं."

"कामून?"

"वय झालं आता."

तिने त्यांच्या कानाकडे पाहिलं. कान मोकळा होता. मोल्ड चष्म्याच्या घरात, नीट कापसात ठेवलेला.

"अण्णा, खरं सांगा."

त्यांनी उपरण्याचं टोक चाळवलं. "तुझ्या हातचं हाय गं. नाव कसं ठेवू? पेटी छान ऐकू येते. पण मी सा लावला की विहिरीतनं दुसराच कुणीतरी गायलाय, असं वाटतंय."

घागर आणि विहीर. सुकन्या ताटावरून तशीच उठली.

दुकानात येऊन तिने अण्णांच्या मोल्डची दोन्ही डिझाइनं शेजारी शेजारी उघडली. दवाखान्यातून आलेल्या डिझाइनमध्ये आरपार एक बारीक भोक होतं, ज्वारीचा दाणाही जाणार नाही एवढं. माणसाचा स्वतःचा आवाज त्यातूनच बाहेर पडायचा. तपासलेल्या डिझाइनमध्ये ते भोक नव्हतं. सॉफ्टवेअरला ते खोट वाटलं होतं. त्याने लाल करून विचारलं होतं, आणि तिने बटण दाबलं होतं. सगळं दुरुस्त.

सोजराबाईंचं उघडलं. तेच. मग एकेक करत यादी संपवली. अकरा मोल्ड, अकराही बुजलेले.

नागेंद्रने ऐकून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "अक्का, बोंब कुणी मारली? एकट्या मावशीनं. बाकीचे गप हायेत."

"गप हायेत, कारण मी त्यांना सवय लावा म्हणलं."

"मग सॉफ्टवेअरची चूक म्हणून सांगू."

"त्यानं विचारलं होतं, नागेंद्र. बटण मी दाबलं." तिने फोन पुढे ओढला. "बघ, पैसे माझ्या पगारातून काप. पण अकराही परत मागवून भोकासकट नव्यानं छापणार."

नागेंद्रने मान हलवली, पुटपुटला, पण छपाईच्या रेझिनची नवी बाटली स्वतःच फोडायला घेतली.

सुकन्या बाकाजवळ गेली. "मावशी, तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती."

सोजराबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मग चहा तरी पाज."

प्रिंटरच्या ताटात एका वेळी पाच मोल्ड मावायचे. छापून, धुऊन, घासून निघेपर्यंत दिवस मोडायचा. यादी जशी आली तशी. अण्णांचं नाव शेवटचं, अकरावं.

"अक्का," नागेंद्र हळूच म्हणाला, "अण्णांचा पहिल्या ताटात घालू की. एकादशी उद्याच हाय."

ताटाकडे पाहताना सुकन्याचा हात क्षणभर थांबला. मग तिने पहिल्या पाचांची नावं वाचली आणि अण्णांचं डिझाइन बंद केलं. "पहिलं मंठाळचं."

एकादशीला दुसऱ्याच बुवांचं कीर्तन झालं. अण्णा शेवटच्या रांगेत बसून, ऐकू येईल तेवढ्यावर टाळी धरत होते.

एकादशीनंतर तिसऱ्या दिवशी सोजराबाईंचा मोल्ड मंठाळला पोचवून ती परतली, तोवर अकरावा तयार होता. भर दुपारी तिने तो अण्णांच्या कानात बसवला. त्यांनी भिंतीवरचं उपरणं काढून खांद्यावर घेतलं, चिपळ्या हातात घेतल्या आणि रिकाम्या खोलीत उभे राहिले.

सुकन्याने पेटीचा भाता उघडला. अण्णांनी सा लावला, मान किंचित कलती करून स्वतःलाच ऐकलं, आणि नमन धरलं. दुसऱ्याच चरणाला सूर घसरला. दोन वर्षांचा गंज होता.

चिपळ्या थांबल्या.

"पडलो," अण्णा म्हणाले. उपरणं सावरून ते पुन्हा ताठ झाले. "दे परत."

तिने सूर दिला.